सांध्यांचे शास्त्र : पाणबुडी कशी बांधली जाते

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विशाखापट्टणम येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाकडून पाहुणे आले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी आपल्या प्रत्येकाच्या घरी ठरलेली असते. पहिल्या दिवशी सिंहाचलम, दुसऱ्या दिवशी कैलासगिरी, सवड असली तर अरकूची गाडी. आणि संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेले की रामकृष्ण बीचवरची 'कुरसुरा'. सोव्हिएत बांधणीची ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली, २००१ साली निवृत्त झाली आणि २००२ पासून संग्रहालय होऊन आपल्या शहरात विसावली आहे. पाहुण्यांबरोबर मी तिच्यात किती वेळा गेलो असेन याची गणती नाही. आत शिरलेला माणूस प्रथम डोके सांभाळतो, मग गुडघे सांभाळतो. आणि आडभिंतीतल्या गोल दारातून अंग चोरून पलीकडे गेला की हटकून एक प्रश्न विचारतो. गेल्या दिवाळीत आमच्या सांगलीच्या मेहुण्यांच्या दहा वर्षांच्या नातवाने तो विचारला आणि आजच्या व्याख्यानाचा विषय माझ्यापुरता ठरून गेला. तो म्हणाला, "आजोबा, एवढ्याशा दारातून हे एवढे मोठे इंजिन आत आणले कसे?"

मी म्हणालो, "बाळ, ते आणलेच नाही. इंजिन आधी होते, दार नंतर आले."

पाणबुडीच्या बांधणीचे निम्मे रहस्य या एका वाक्यात आहे. उरलेले निम्मे सांगायला मात्र मला तासभर लागेल, तेवढा धीर आपण धरावा.

प्रारंभीच माझा अधिकार किती तोकडा आहे ते सांगून टाकतो. पाणबुडीचा आराखडा काढणारे विद्वान वेगळे आणि ती घेऊन समुद्रात उतरणारे शूर वेगळे. मी त्या दोघांच्या मधला, पोलादाचे सांधे तपासणारा माणूस. नोकरीची सारी वर्षे वेल्डिंगच्या रेघांकडे डोळे लावून बसण्यात गेली. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते बव्हंशी सांध्यांविषयीच असेल, आणि जे सर्वांना खुले आहे तेवढेच असेल. आणखी एक. या शहरात बसून गोदीविषयी बोलायचे तर त्या सोलापूरच्या माणसाचे नाव प्रथम घेतले पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीच्या गोदीची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रबाबूंच्या हस्ते येथे बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी 'जलउषा' पंडितजींच्या हस्ते पाण्यात उतरली. आपण मराठी माणसे येथे आगंतुक नाही, एवढेच त्यातून घ्यावे. असो.

आता मूळ विषय. येथे जमलेल्या भगिनींना पाणबुडीचे शास्त्र माझ्यापेक्षा लवकर समजेल, कारण त्यांच्या स्वयंपाकघरात रोज एक पाणबुडी शिट्ट्या देत असते. कुकरच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एका वातावरणाने अधिक असतो. पाणबुडीचे नेमके उलटे आहे. तिच्या आत आपल्या दिवाणखान्यातली साधी हवा असते आणि दाब असतो बाहेरून, पाण्याचा. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण, या हिशेबाने ३०० मीटर खाली गेले की तीस कुकरांचा दाब एकवटून बाहेरून आत रेटू लागतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ३० किलो. चौरस मीटरवर ३०० टन. चौरस मीटर म्हणजे केवढे, तर दोघांनी दाटीवाटीने बसावे एवढी सतरंजी. तिच्यावर साठेक हत्ती उभे करावेत इतके हे ओझे.

पण केवळ ओझे मोठे असते तर जाड पत्रा लावून भागले असते. खरी गोम निराळीच आहे. आतून रेटणारा दाब भांड्याचे दोष सुधारतो. चेपलेला फुगा फुगवला की गोल होतो. बाहेरून रेटणारा दाब दोष वाढवतो. वर्तुळ जरासे चपटे असले की दाब त्या चपट्या जागी अधिक जोर करतो, ती जागा आणखी चपटी होते, आणि एका क्षणी सारे कवच रिकाम्या डब्यासारखे चिरडून जाते. म्हणून पाणबुडीला दोन गोष्टी अत्यावश्यक असतात, पोलाद तगडे हवे आणि आकार निर्दोष गोल हवा. 'कुरसुरा'ची जी बाहेरची त्वचा आपण हात लावून पाहतो ती पाणी कापण्यासाठी घातलेला झगा आहे. दाब सोसणारे खरे कवच तिच्या आत आहे. आजच्या व्याख्यानापुरते त्याला आपण दाबकवच म्हणू.

तगडे म्हणजे किती तगडे? थोडे अंकगणित करू. सहा मीटर व्यासाचे नळकांडे, तीन सेंटिमीटर जाडीचा पत्रा आणि ३०० मीटर खोली एवढे धरले, तर पत्र्यातला ताण प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ३,००० किलो येतो. पुलाचे वा इमारतीचे साधे पोलाद २,५०० च्या आसपास हार मानते. पाणबुडीसाठी निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम मिसळून, तापवून आणि पाण्याने झपाट्याने निववून तयार केलेले खास पोलाद लागते. अमेरिकनांनी 'एचवाय-८०' या नावाने जे प्रसिद्ध केले ते ५,६०० किलोपर्यंत तग धरते. आणि केवळ बळकट असून भागत नाही. ते चिवटही हवे. काच बळकट असते, पण टिचकीने फुटते. जवळपास पाणसुरुंग फुटला तर पोलादाने वाकावे, पण तडकू नये. म्हणून त्याचे तुकडे कडाक्याच्या थंडीत ठेवून घणाने मोडून पाहतात. या थंडीच्या परीक्षेची गोष्ट पुढे येणार आहे, ती लक्षात असू द्या.

हा पत्रा गोदीत आला की तो अजस्र रुळांतून लाटून वाकवतात. पोळी लाटताना कडा जाड राहते हे आपण पाहतो. येथेही पत्र्याच्या दोन्ही टोकांना बाक यायला कुरकुर होते, त्यासाठी टोके आधी प्रेसवर दाबून घ्यावी लागतात. असे बाकदार पत्रे जोडून एक गोल पिंप तयार होते. त्याच्या पोटातून, ठरावीक अंतरावर, बरगड्यांसारख्या कड्या वेल्ड करतात. त्यांना आम्ही फ्रेम म्हणतो. पत्रा ओझे घेतो आणि फ्रेम त्याला गोल राहायला भाग पाडते. गोलाई किती अचूक हवी? दाबाच्या भांड्यांच्या गणितात त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याची चूक साधारणतः गृहीत धरतात. तीन मीटर त्रिज्येला दीड सेंटिमीटर! गोदीत याहून पुष्कळ कमी चुकीवर माणसे रात्र-रात्र अडून बसतात. उघड्यावर काम असेल तर दुपारी मोजमाप घेण्यात अर्थ नसतो. उन्हाकडची बाजू फुगलेली असते, सावलीची नसते. आम्ही पहाटे मोजायचो. चहाची किटली आणि मोजपट्टी एकाच वेळी येत असे.

आता सांधा. मंडळी, वेल्डिंग म्हणजे दोन पत्रे डिंकाने चिकटवणे नव्हे. दोन्ही कडा वितळवून, त्यांत रॉडचे पोलाद मिसळून, तिघांचे एक पोलाद करायचे असते. एका बाजूने सांधा भरला की दुसऱ्या बाजूने त्याच्या मुळापर्यंत कोरून, निखळ धातू लागेपर्यंत खरवडून, पुन्हा भरायचा. वितळलेला धातू थिजताना आक्रसतो आणि पत्र्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून एका कडीच्या सांध्यावर समोरासमोर दोन-दोन वेल्डर बसवतात आणि दोघे एकाच चालीने पुढे सरकतात. एक पुढे गेला, एक मागे राहिला, की गोल वाकडा झाला. भजनातले टाळकरी जसे एकमेकांकडे न पाहता ताल राखतात तसे हे काम असते. आणि सांध्याच्या जागेला आधी शेक द्यावा लागतो. शंभर अंशांच्या वर तापलेल्या पोलादाला टेकून, चामड्याचा अंगरखा घालून, हातभर अंतरावरचा तो प्रकाश काळ्या काचेतून न्याहाळत तासन् तास बसणाऱ्या माणसाला आपण कामगार म्हणतो. मला तो शब्द अपुरा वाटतो.

या तगड्या पोलादाचा एक मोठा वैरी आहे. तो म्हणजे ओलावा. रॉडवरच्या लेपात दमट हवेतले पाणी मुरले, तर विजेच्या ज्वाळेत त्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू पोलादात शिरतो आणि दबा धरून बसतो. सांधा निवतो, वरून चकचकीत दिसतो, आणि कित्येक तासांनी, कधी दोन दिवसांनी, आतल्या आत केसासारखा तडकतो. म्हणून रॉड भट्टीत भाजून, गरम डब्यात ठेवून, लागतील तसे दोन-चारच बाहेर काढतात. आणि सांध्याची अखेरची तपासणी मुद्दाम विलंबाने करतात. मुंबईत असो वा आपल्या येथे असो, श्रावणातल्या हवेत हे पथ्य सांभाळणे काय असते ते मी वेगळे सांगायला नको.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ज्या गोदीत ती घडली तिचे नाव मी घेत नाही. घेण्याचे कारणही नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो. दुरुस्तीला आलेल्या एका पाणबुडीच्या दाबकवचाचा तुकडा यंत्र बाहेर काढण्यासाठी कापला होता आणि तो परत जोडण्याचे काम चालू होते. सांधा पूर्ण झाला. क्ष-किरणांची फिल्म रात्री काढतात, सारे लोक दूर केल्यावर. सकाळी ती उजेडाच्या पेटीवर माझ्यापुढे आली. फिल्म निर्दोष होती. तारीख डोक्यावर होती, वरिष्ठ दारात उभे होते. मी सही केली.

दुपारी तो सांधा करणारे वेल्डर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. दाभोळकडचे होते; सारी गोदी त्यांना चाचा म्हणे. टोपी हातात घेऊन म्हणाले, "साहेब, सही मागे घ्या."

मी म्हटले, "चाचा, फिल्म साफ आहे. डाग नाही, बुडबुडा नाही."

ते म्हणाले, "फिल्म साफ असेल. पण परवा रात्री वीज गेली होती, डबा थंड पडला होता. पाळी संपवायची घाई होती, तेच रॉड मी लावले. वरच्या बाजूला, हातभर लांबीत. दोन रात्री झोप नाही, साहेब."

क्ष-किरणांना पोकळी दिसते; पण चीर जर किरणांना आडवी पडली असेल तर ती फिल्मवर उमटत नाही. त्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र लावावे लागते आणि त्या जागेची पाळी अजून यायची होती, किंवा घाईत आलीच नसती. मी यंत्र मागवले. चाचांनी बोट ठेवले त्याच्या चार इंच डावीकडे पडद्यावर रेघ उसळली. कोरून पाहिले तेव्हा चीर हाताला लागली. नखाला अडकेल न अडकेल इतकी बारीक. सारा सांधा काढून पुन्हा करावा लागला. नऊ दिवस उशीर झाला, वरिष्ठांनी मला दिले ते शब्द मी येथे सांगू शकत नाही, आणि चाचांचा त्या महिन्याचा जादा कामाचा भत्ता कापला गेला. तो कापू नये म्हणून मी जेवढे भांडायला हवे होते तेवढे भांडलो नाही. ही खंत मला आजही आहे.

हा प्रसंग मी भावनेसाठी सांगितला नाही. पाणबुडीच्या गोदीत कागद फार असतात. कोणता पत्रा कोणत्या भट्टीतला, कोणता सांधा कोणत्या वेल्डरचा, रॉड कोणत्या गठ्ठ्यातला, तपासणारा कोण, पुन्हा तपासणारा कोण, या साऱ्याची नोंद पाणबुडी जिवंत असेपर्यंत जपावी लागते. नव्याने आलेल्यांना ही कारकुनी वाटते. तिच्यामागे माणसे बुडालेली आहेत. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची 'थ्रेशर' ही त्या काळची अद्ययावत अणुपाणबुडी खोल पाण्याच्या चाचणीत १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशी गेली. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण ठरले ते समुद्राचे पाणी वाहून नेणाऱ्या एका नळाचा सांधा निखळणे. त्या बोटीत चांदीमिश्रित धातूने जोडलेले असे सुमारे तीन हजार सांधे होते. शेवटच्या दुरुस्तीत त्यांपैकी १४५ ध्वनिलहरींनी तपासले, तेव्हा सुमारे १४ टक्के कमअस्सल निघाले होते. उरलेले तपासलेच गेले नाहीत. त्यानंतर त्या नौदलाने जी सुरक्षा-पद्धती घालून दिली तिचा गाभा एवढाच, की 'केले आहे' या तोंडी शब्दाला किंमत नाही, पुरावा दाखवा.

आणि तरीही पुरावा खोटा लिहिता येतो. मघाची थंडीची परीक्षा आठवते? वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथे अमेरिकेच्या पाणबुड्यांसाठी ओतीव पोलाद करणारा एक कारखाना होता. तेथील एका धातुशास्त्रज्ञाने १९८५ ते २०१७ इतक्या दीर्घ काळात कित्येक ओतकामांच्या परीक्षांचे आकडे पदरचे लिहिले. त्याचा निकाल २०२२ साली लागून शिक्षा झाली. कारण काय सांगितले, तर शून्याखाली शंभर अंश फॅरनहाइटला पोलाद तपासण्याचा नियमच मूर्खपणाचा वाटला! ही बातमी वाचली तेव्हा मला दाभोळचे चाचा आठवले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. जुन्या पद्धतीत पाणबुडी उतारावर अखंड बांधत आणि मग माणसे आत शिरून नळ, तारा, यंत्रे बसवत. एकाच खोलीत सुतार, गवंडी, रंगारी, वायरमन आणि बिऱ्हाड एकाच वेळी कोंबल्यासारखे ते होई. आजची पद्धत म्हणजे कवचाचे तुकडे वेगवेगळे करायचे. तुकड्याचे तोंड उघडे असतानाच त्यात यंत्रे, पंप, विजेचे फलक बसवलेला अख्खा मजला ड्रॉवरसारखा सरकवायचा. आणि शेवटी तुकड्याला तुकडा भिडवून वेल्ड करायचे. कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आपली एकविसाव्या प्रकारची पाणबुडी आठ तुकड्यांत बांधली. तुकडे समुद्रापासून दूरच्या पोलाद-कारखान्यांत होत आणि कालव्यांनी गोदीत येत. ज्या कारखान्यांनी जन्मात जहाज केले नव्हते त्यांच्या तुकड्यांची तोंडे एकमेकांना जुळेनात. ११८ बोटी नौदलाच्या ताब्यात गेल्या. युद्ध संपेतो लढाऊ फेरीवर निघाल्या त्या दोन. जुळणी ही गोष्ट घाईला वश होत नाही.

आपल्या मुंबईतच ही पद्धत पाहता येते. माझगाव गोदीचे मूळ १७७४ सालच्या एका लहान सुक्या गोदीत आहे. १९६० साली ती सरकारने घेतली. फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्यांचा करार २००५ साली झाला. पहिलीचे, म्हणजे 'कलवरी'चे, पोलाद डिसेंबर २००६ मध्ये कापायला घेतले. तिचे पाच तुकडे ३० जुलै २०१४ रोजी एकत्र जोडले गेले. २०१५ साली ती पाण्यात उतरली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी ६७.५ मीटर, म्हणजे आपल्या ९१ मीटरच्या 'कुरसुरा'हून आखूडच. पण या आखूड पोटात सुमारे ११ किलोमीटर नळ आणि ६० किलोमीटर तारा आहेत. बॅटरीचे घट ३६०, आणि एकेकाचे वजन ७५० किलो. नुसती बॅटरीच २७० टनांची झाली.

वजनाचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. पाण्यात बुडालेल्या पाणबुडीचे वजन तिने सारलेल्या पाण्याइतकेच असावे लागते. आर्किमिडीजने तेथे सवलत ठेवलेली नाही. म्हणून प्रत्येक नटबोल्टाचे वजन वहीत चढते आणि शेवटी शिशाच्या विटा इकडून तिकडे हलवून तोल साधतात. स्पेनच्या गोदीत एका नव्या पाणबुडीचे वजन आराखड्यापेक्षा काही दशके टनांनी अधिक भरत असल्याचे २०१३ साली उघडकीला आले. बुडेल, पण वर येईल की नाही याची शंका! उपाय म्हणून बोट सुमारे दहा मीटर लांब केली. मग ध्यानात आले की ती आता धक्क्यात मावत नाही. धक्काही वाढवावा लागला. २०२३ च्या अखेरीस ती एकदाची नौदलाच्या ताब्यात गेली. आपल्याकडे लग्नाचा मांडव घालताना घडणारे प्रकार परदेशातही घडतात, हे ऐकून मला अंमळ समाधान वाटले होते.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे त्याकडे वळतो. 'कलवरी' ही मुंबईत बांधलेली पहिली पाणबुडी नव्हे. ११ डिसेंबर १९८१ रोजी जर्मनीतील कील येथील गोदीशी करार झाला. दोन पाणबुड्या, 'शिशुमार' आणि 'शंकुश', तेथे बांधल्या गेल्या, दोन मुंबईत. आपली माणसे कीलला जाऊन शिकून आली. 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली. भारताच्या भूमीवर बांधलेली ती पहिली पाणबुडी. 'शंकुल' २८ मे १९९४ रोजी आली. आणखी दोन बांधण्याचा विचार होता; १९८७ च्या सुमारास दलालीच्या आरोपांचे वादळ उठले आणि तो विचार बुडाला. आरोपांचे खरेखोटे मी ठरवणारा कोण? मला दिसला तो परिणाम. 'शंकुल' नौदलात गेली आणि पुढे नवे दाबकवच मुंबईत सुरू व्हायला डिसेंबर २००६ उजाडला. बारा वर्षे!

बारा वर्षांत आराखडे कपाटात नीट राहतात. यंत्रांना तेल घातले तर तीही राहतात. हात राहत नाहीत. दाबकवचाचा सांधा करणाऱ्या वेल्डरला ठरावीक मुदतीने परीक्षा द्यावी लागते. मध्ये काम तुटले की परवाना जातो, आणि परवान्याआधी हात जातो. जे वयस्क होते ते निवृत्त झाले. जे तरुण होते त्यांना आखाताने बोलावले. त्यांपैकी एक मला कोणार्क एक्स्प्रेसमध्ये भेटला होता. चाचांच्याच हाताखाली तयार झालेला. तेलाचे नळ जोडतो, म्हणाला, पगार चौपट आहे. मग थोडे थांबून म्हणाला, "पण साहेब, तिथे इतकं कुणी बघत नाही." तक्रार होती की अभिमान, ते मला अजून उलगडलेले नाही.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो हे गाव शतकाहून अधिक काळ पाणबुड्या बांधत आले. १९९० च्या दशकात काम आटले आणि गोदीतली माणसे सुमारे तेरा हजारांवरून तीन हजारांवर आली. पुढे 'ॲस्ट्यूट' ही नवी पाणबुडी २००१ साली सुरू केली, तेव्हा ज्यांना ते काम येत होते ते गेलेले होते. अखेर २००३ पासून अमेरिकेतील ग्रोटनच्या गोदीची मदत घ्यावी लागली. बोट कित्येक वर्षे उशिरा, २०१० साली नौदलात आली. ज्या इंग्रजांनी आपल्याला बोटी विकल्या त्यांना बोट बांधायला दुसऱ्याच्या दारी जावे लागले.

'कलवरी'ला बारा वर्षे लागली त्याला कारणे अनेक होती. परदेशी सामान, किंमत, बदललेले निर्णय. सारा दोष मी हातांच्या विस्मृतीवर टाकत नाही. पण पुढचे आकडे पाहा. 'खांदेरी' सप्टेंबर २०१९. 'करंज' आणि 'वेला' दोन्ही २०२१ सालात. 'वागीर' जानेवारी २०२३. आणि सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५. पहिलीनंतर साऱ्या पाच सात वर्षांत आल्या. हात परत आले होते. ही नावे आपल्या शहराला परकी नाहीत. 'कुरसुरा'च्या जुन्या बहिणींची ती नावे आहेत, त्या निवृत्त झाल्या आणि नावे नव्या बोटींना मिळाली. 'खांदेरी' हे तर थळच्या समोरचे बेट. १६७९ साली शिवछत्रपतींनी तेथे तट घालायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले होते आणि भर समुद्रात, शत्रूच्या देखत, दगडावर दगड चढत राहिला होता.

त्या करारातील सहाही पाणबुड्या झाल्या. पुढच्यांविषयीची बोलणी २०२५ साली आपण वृत्तपत्रांत वाचत होतो. मी बातमीतले किमतीचे आकडे वाचत नाही, कारण ते मला कळत नाहीत. मी तारखा वाचतो आणि बोटांवर महिने मोजतो. 'वागशीर'च्या शेवटच्या सांध्यावर जी मुले बसली होती ती आज पस्तिशीची असतील.

आमच्या सांगलीच्या नातवाने त्या दिवशी 'कुरसुरा'तून बाहेर येताना भिंतीवरच्या रंगाच्या थरावरून बोट फिरवले आणि एक किंचित उंचावलेली रेघ शोधून काढली. "आजोबा, हाच का तो सांधा?" मी चष्मा लावून पाहिले. तो सांधाच होता. लेनिनग्राडच्या कोणा वेल्डरने साठ वर्षांपूर्वी घातलेला, सरळ, एकसारख्या लाटांचा. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर पाहा.